दम

मिस्त्रींनी स्नॉर्केलच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला, आणि जीप चालूच राहिली.

जुलैचा दुसरा आठवडा होता. गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की इंजिन चालू आहे हे कानांपेक्षा पायांनाच जास्त कळत होतं. जळकं ऑइल, ओलं रबर आणि भिंतीवरच्या तसबिरीपुढची उदबत्ती, असा तिथला नेहमीचा वास. मिस्त्री पुढच्या बंपरवर चढून, हात टपाच्या उंचीपर्यंत ताणून उभे होते. स्नॉर्केल म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनाला वरची कोरडी हवा मिळावी म्हणून टपापर्यंत उंच नेलेली नळी. तिचं तोंड बंद केल्यावर काय व्हायला हवं ते मला माहीत होतं. आपलं नाक दाबलं तर आपण तोंड उघडतो. इंजिनाला स्नॉर्केल बसवला की ते एक नाक सोडून हवेला दुसरी वाटच उरता कामा नये. तळहात बसला की दोन-तीन सेकंदांत सूर खाली यायला हवा, सगळ्या गाडीच्या अंगातून एक थरथर जायला हवी, आणि मग शांतता. आमच्या जीपचा सूर थोडा उतरला, एकदा ठसका लागल्यासारखं झालं, आणि ती पुन्हा आपल्या लयीत धडधडू लागली. मिस्त्रींनी हात काढून तळव्याकडे पाहिलं, पुन्हा दाबला. पुन्हा तेच. "दादा, ही दुसरीकडनं हवा खातीये," ते म्हणाले.

तीन दिवसांपूर्वी, रविवारी, हीच जीप मी मुळशीकडच्या एका ओढ्यातून पलीकडे नेली होती. शेजारच्या सीटवर माझी दहा वर्षांची मुलगी होती.

मिस्त्रींनी तसबिरीपुढची उदबत्ती उचलली, आधी तिला हात जोडले, आणि बॉनेटखाली वाकून ती स्नॉर्केलच्या नळीच्या कडेकडेने फिरवायला सुरुवात केली. फॅनचा पट्टा त्यांनी आधीच उतरवून ठेवला होता, त्यामुळे आत वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता. फेंडरमधून नळी आत येते तिथं सरळ. पहिल्या होज क्लिपशी सरळ. हवेच्या फिल्टरच्या डब्याकडे जाणाऱ्या बेलोच्या, म्हणजे घड्याघड्यांच्या रबरी नळीच्या, खालच्या बाजूला उदबत्ती गेली आणि धुराची रेघ एकदम वाकली, कुणी दोरा ओढून घ्यावा तशी आत गेली. बेलोच्या दोन घड्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी चीर होती. वरून बघितलं तर दिसतही नव्हती. मग डब्याच्या तळाला आणखी एकदा धूर वाकला. धूळ-पाणी निथळायला कंपनी तिथं एक छोटं भोक ठेवते, त्याच्यावर रबरी टोपी असते. स्नॉर्केल बसवताना ती टोपी काढून भोक बंद करायला हवं होतं. ते कुणीच केलेलं नव्हतं. मी जमिनीपासून त्या भोकापर्यंत टेप लावली. मग रविवारी ओढ्याचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते बंपरवरच्या वाळलेल्या मातीच्या रेघेवरून मोजलं. दोन्हींत एका वितेचं अंतर होतं.

ती वीत मला त्या रात्री झोपू देईना.

इंजिनात पाणी गेलं तर काय होतं हे कागदावर मला पाठ आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, एवढीच ती गोष्ट. माझं इंजिन साधारण अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. अठरास एक असं कॉम्प्रेशन धरलं, म्हणजे आतली हवा दाबून अठराव्या भागाएवढी होते असं धरलं, तर पिस्टन वर टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जी जागा उरते ती सुमारे ३७ मिलिलिटर. म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात निम्म्यापर्यंतही येणार नाही एवढी. एका सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी शिरलं की वर येणाऱ्या पिस्टनला जायला जागाच राहत नाही. इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, तर फिरायचं थांबत नाही. मग वाकतो तो पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. दर पावसाळ्यात शहरातल्या भुयारी रस्त्यांत अडकलेल्या मोटारींचं हेच होतं. बंद पडलेल्या गाडीला लोक घाबरून पुन्हा स्टार्टर मारतात, आणि तोवर जे वाचलेलं असतं तेही जातं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही रविवारी मी पाण्यात शिरलो, कारण गाडीच्या बाजूला एक रुबाबदार काळी नळी उभी होती आणि तिच्याकडे पाहून मला निर्धास्त वाटत होतं.

ही नळी बाबांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते पुण्याला आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "याले नाक काऊन लावलं?" मी समजावून सांगितलं. त्यांनी नळीवर बोटांनी टकटक करून पाहिलं, खाली वाकून ती आत कुठं जाते ते बघायचा प्रयत्न केला, गुडघे दुखले म्हणून उठले आणि काही बोलले नाहीत.

बाबा गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात आरोग्य केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर होते. पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथं इंद्रावतीला मिळतात, त्या बाजूचा तो मुलूख. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा आलापल्लीशी संबंध तुटायचा, आणि आतल्या गावांचे तर छोटे छोटे नालेच रस्ता अडवायचे. नाला हा शब्द पुण्यात म्हटला की गटाराची आठवण होते. तिथं नाला म्हणजे सागाच्या जंगलातून निघालेलं, उन्हाळ्यात नुसत्या वाळूचं आणि श्रावणात लाल-तपकिरी होऊन हुंकारत जाणारं पाणी. काही नाल्यांवर रपटे, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारे बुटके पूल, होते, बहुतेकांवर तेही नव्हते. इकडे आल्यावर मला 'ओढा' हा शब्द मिळाला आणि फार आवडला. पाण्यात मांडीपर्यंत उभं राहिल्यावर पायांना जी ओढ लागते ती त्या शब्दात आहे. त्या ओढीचं एक गणित आहे, पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. बाबांनी ते गणित कधी ऐकलं नसेल, पण त्यांच्या पिंडऱ्यांना ते येत होतं.

त्यांच्या जीपला स्नॉर्केल नव्हता. पाण्याशी पोचलं की त्यांचा एक ठरलेला क्रम असायचा आणि त्यात मला काम असायचं, म्हणून तो मला अजून जसाच्या तसा आठवतो. आधी गाडी बंद करून थोडी निवू द्यायची. तापलेले ॲक्सल थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, आणि ती पोकळी भरायला सीलमधून, ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या-यायच्या छोट्या तोंडातून, पाणी आत ओढलं जातं, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. बाबा नुसतं म्हणायचे, "थांब ना बाबू, दम धर." मग पान्याने डायनॅमो सैल करून फॅनचा पट्टा उतरवायचा. फिरता पंखा पाण्यात बुडला की त्याची पाती पुढं वाकून रेडिएटरला फाडतात, आणि नाही फाडलं तरी सगळ्या इंजिनावर पाणी उडवतात. रेडिएटरच्या पुढं पोतं बांधायचं, ते काम माझं. सुतळीची गाठ सुटू नये म्हणून मी ती दाताने आवळायचो, जिभेवर तागाची आणि शेणाची चव यायची. गिअरबॉक्सच्या ब्रीदरला सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा लांब तुकडा लावून त्याचं तोंड स्टिअरिंगच्या दांड्याला बांधलेलं असायचं. सायलेन्सरला मागून रबरी पाइप, तोंड वर. आणि सगळ्यात शेवटी, मला तेव्हा अजिबात न समजलेली गोष्ट: पायाखालच्या पत्र्यातली बुचं काढून टाकायची. सगळीकडून पाणी बाहेर ठेवायची एवढी खटपट केल्यावर माणसांच्या पायाशी मात्र ते आपण होऊन आत घ्यायचं.

त्याचं उत्तर मला परवा रात्री वहीवर मिळालं. जीपचा तळ साधारण चार चौरस मीटर धरला, तर तळाच्या वर चढणारं दर १० सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ४०० किलोने हलकं करतं. दीड टनाची गाडी, दरवाजे-खिडक्या घट्ट असतील तर, तळाच्या वर हातभर पाणी येता येता तरंगायला लागते. त्याच्या कितीतरी आधी टायरांची पकड सुटते, आणि मग इंजिन कितीही नीट श्वास घेत असलं तरी गाडी नदीच्या मर्जीने जाते. आत पाणी घेतलं की वजन टिकतं, चाकं तळाला टेकून राहतात. हवा लागते ती इंजिनाला, गिअरबॉक्सला, ॲक्सलला. बाकीच्या गाडीने भिजायचंच असतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ज्या जीपा समुद्रातून उतरवल्या, त्यांच्याही विजेच्या भागांना ग्रीससारखा घट्ट लेप लावून, नळ्या उंच करून अशीच तयारी केली होती, आणि किनाऱ्याला लागल्यावर ते सगळं आधी खरवडून काढावं लागे, नाहीतर इंजिन तापायचं. बाबांचंही तसंच असायचं. पलीकडे गेलं की पोतं सोड, पट्टा चढव, आणि मग ओल्या ब्रेकवर पाय हलका ठेवून फर्लांगभर चालव, ड्रम सुकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, ॲक्सलच्या मधल्या गोळ्याचं, डिफरन्शियलचं, खालचं बूच अर्धा आटा सैल करायचं. आत पाणी गेलं असेल तर रात्रभरात ते तळाला बसतं आणि आधी तेच येतं. नुसतं तेल आलं की बाबांचा चेहरा सैल व्हायचा. ताकासारखं पांढरट काही आलं की त्या दिवशी ते घरी जेवायला येत नसत.

पण या सगळ्याच्या आधी ते पाण्यात स्वतः उतरत. लुंगी वर खोचून, हातात बांबू, एक-एक पाऊल सरकवत पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत येत. गुडघ्याला पाणी असेल तर जायचं. मांडीला असेल तर ओढ बघायची, तळ बघायचा, मग ठरवायचं. कंबरेला लागलं की नाही. आजच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये छापलेली असते. महिंद्रा थारला ६५०, फोर्स गुरखाला ७००, लँड रोव्हर डिफेंडरला ९००. परवा मी टेप घेऊन हे आकडे स्वतःच्या पायावर धरून पाहिले. ६५० माझ्या मांडीच्या मध्यावर आले. ९०० कंबरेच्या जरा खाली.

१९९१ किंवा ९२ साल असेल, मी चौथीत होतो. आई माहेरी गेली होती म्हणून बाबा रात्रीही मला गाडीत मागच्या बाकावर झोपवून नेत. त्या रात्री पलीकडच्या एका माडिया आदिवासी वस्तीतून निरोप आला होता, बाई अडली आहे. मला जाग आली तेव्हा जीप नाल्याच्या काठावर उभी होती, हेडलाइटच्या उजेडात पाणी दिसत होतं आणि त्यात बाबा. कंबरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक केंद्रातल्या दोघांच्या हातात. पोतं बांधून झालं होतं, पट्टा उतरलेला होता, मला कुणी उठवलं नाही याचा मला राग आला. बाबा मध्यापर्यंत गेले, बांबू पुढं टाकला, आणि बांबू नुसता आत गेला. त्यांनी तो थोडा डावीकडे टाकला, तरी तसंच. बराच वेळ ते तिथंच उभे होते. मग परत आले.

गाडीतल्या मंडळींचं म्हणणं होतं की जाऊ, एवढं पाणी मागच्या वर्षीही होतं. बाबा म्हणाले, तळ वाहून गेला आहे, गाडी घालणार नाही. आवाज चढले. पलीकडून कुणीतरी मशाल हलवत होतं. बाबांनी पाण्याच्या कडेला चढाच्या दिशेने टीचभर अंतरावर एकामागोमाग एक दगड मांडले, आणि एक टोकाचा दगड पाण्यात ठेवला, आणि बॉनेटवर बसून राहिले. पाणी चढतंय की उतरतंय हे अंधारात डोळ्यांना कळत नाही, दगडांवरून कळतं. दोन दगड बुडाले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला झोप लागली. पहाटे उठलो तेव्हा पाण्यातले दगड ओले चमकत बाहेर आले होते, आणखी खालचे, जे आम्ही मांडलेही नव्हते, तेही. खालच्या अंगाला दुसरी वाट शोधून, मांडीभर पाण्यातून, लो गिअरमध्ये, मध्ये क्लचला पायही न लावता बाबांनी जीप पलीकडे नेली. पाणी माझ्या पायांवर आलं, बर्फासारखं. बाई रात्रीच बाळंत झाली होती, गावातल्या म्हाताऱ्या सुईणीने सोडवलं होतं. रक्त फार गेलं होतं. तिला मागच्या बाकावर, जिथं मी झोपलो होतो तिथं झोपवून आणलं. ती जगली, बाळही जगलं.

तरी पुढचे कित्येक महिने एक वाक्य केंद्रात फिरत राहिलं, की ड्रायव्हर भ्याला. ते शाळेपर्यंत आलं. माझ्या वर्गातल्या एकाने सगळ्यांसमोर म्हटलं आणि मी त्याला मारलं नाही, कारण मला तेच वाटत होतं. आम्ही पोतं बांधलं होतं. पट्टा उतरवला होता. सगळी तयारी केली होती आणि मग गेलो नाही. नवव्या वर्षी मला तयारीचा एवढाच अर्थ कळत होता की ती केली म्हणजे जायचं. बाबांनी कधी स्वतःची बाजू मांडली नाही. फार वर्षांनी, माझ्या लग्नानंतर, एकदा रात्री अंगणात बसलो असताना आपण होऊन म्हणाले की ती बाई गेली असती तर मी काय केलं असतं, हे अजून डोक्यात येतं. मी म्हटलं, पण तुमचं बरोबरच होतं. त्यांनी मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही.

मी ज्या ओढ्यांत जीप घालतो त्यांच्या पलीकडे कुणी अडलेलं नसतं. हे मला टोचतं. रविवारी सकाळी पुण्याहून सात-आठ गाड्या निघतात, ओढ्यात शिरतात, पाण्याची भिंत उडवतात, फोटो काढतात. त्या दिवशी काठावर दोघीजणी धुणं धुवत होत्या. आम्ही पाण्यातून गेलो तेव्हा त्यांनी कपडे उचलून घेतले, गढूळ पाणी खाली वाहून जाईपर्यंत थांबल्या, आणि पुन्हा आपटायला लागल्या. त्यांच्या पुढ्यातून तेलाचा एक तवंग गेला, जांभळा-हिरवा. काही बोलल्या नाहीत. हे लिहितानाही माझा चेहरा तापतो आहे. तरी मला गाडी पाण्यात घालायला आवडतं हे मी नाकारणार नाही. नाकापुढं उठणारी ती एक लाट, तिच्याच वेगाने चालायचं, ती पुढं पळूही द्यायची नाही आणि अंगावरही घ्यायची नाही, इंजिनाचा सूर एका रेषेत धरायचा. त्या अर्ध्या मिनिटात मला बाबांच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं. पण त्या अर्ध्या मिनिटाची किंमत त्या दोघींनी का द्यावी? आता मी वस्तीच्या वरच्या अंगाला पाण्यात गाडी घालत नाही, आणि गंमत म्हणून तर कुठंच नाही. रस्ताच पाण्यातून जात असेल तर जातो. त्यानं टोचणी पूर्ण गेली असं मात्र नाही.

मिस्त्रींनी बेलो नवा घातला. डब्याचं भोक रबरी बूच आणि सीलंट लावून बंद केलं, नळीचा प्रत्येक जोड उघडून पुन्हा बसवला. दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर लांब नळीने बॉनेटखाली उंच नेऊन बांधले. सगळं झाल्यावर म्हणाले, या, आता तुम्ही हात ठेवा. मी बंपरवर चढलो. तळहात बसताच तो आत ओढला गेला, इतक्या जोरात की मी दचकलो. लहान मूल बोट चोखतं तशी, पण कितीतरी पट ताकदीची ती ओढ होती. सूर खाली, थरथर, आणि बंद. पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा झाला. तळव्यावर लाल गोल उमटला होता, तो पुण्यात घरी पोचेपर्यंत राहिला.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. मुलीला पलीकडच्या गावात मैत्रिणीच्या आजोळी पोचवायचं होतं. ओढा जुलैपेक्षा भरलेला होता, रंग चहासारखा. मी पँट दुमडून काठी घेऊन आत गेलो. मांडीला पाणी, ओढ बरी होती, तळाला दगड घट्ट लागत होते. गाडी जाईल असं वाटत होतं. पण वर डोंगरावर ढग अजून खाली वाकलेले होते. परत येऊन मी पाण्याच्या कडेला टीचभर अंतरावर पाच दगड मांडले. मुलीने विचारलं हे काय, मी सांगितलं. तिने आणखी दोन आणून वर ठेवले. जीपचं तोंड मी आलो त्या दिशेला फिरवून ठेवलं, आणि आम्ही टपाखाली बसून डबा उघडला. ती पोळीचा तुकडा हातात तसाच धरून दगडांकडे बघत होती.

"बाबा, पहिला गेला," ती म्हणाली.